आप्पा शब्द विचारायचे

"ऑब्स्टिनेट," आप्पा म्हणाले.

"हट्टी."

"स्पेलिंग?"

मी सांगितलं.

"पुस्तकातलं वाक्य?"

"द ऑब्स्टिनेट बॉय डिड नॉट लिसन टू हिज मदर."

"आता घरचं वाक्य."

मी जरा विचार केला. समोरच्या खोपटात हौसाकाकूंची म्हैस धार देत नव्हती आणि काकू तिला शिव्या घालत होत्या. "हौसाकाकूज बफेलो इज ऑब्स्टिनेट."

आप्पा हसले. "बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला हौसाकाकू कोण ते कळायचं न्हाई. पण शब्द तुझा झाला."

आमचा रोजचा पाठ असाच चालायचा. मी दहावीत होते. इंग्रजी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक आप्पांनी सांगलीहून आणलं होतं. त्यात डाव्या बाजूला शब्द, मग मराठी अर्थ आणि खाली एक वाक्य. आप्पा स्वतः मॅट्रिकला फक्त इंग्रजीत आपटले होते, तेही पुन्हा पुन्हा, आणि मग शाळेचा नाद सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून गेले. त्यांच्या मते चूक एवढीच झाली की त्यांनी पुस्तकातली वाक्यं पाठ केली, स्वतःची केली नाहीत. "दुसऱ्याच्या वाक्यात शब्द पाहुण्यासारखा बसतो," ते म्हणायचे, "आपल्या वाक्यात आणला की घरात वावरायला लागतो." म्हणून प्रत्येक शब्दाला एक घरचं वाक्य करावंच लागे. त्याशिवाय जेवण नाही.

आप्पा तालुक्याच्या सूतगिरणीची बस चालवत. आमच्या पडळवाडीपासून सुरुवात करायची, वाटेतल्या वाड्या-वस्त्यांवरच्या कामगार बायका घ्यायच्या, खिंड ओलांडून त्यांना पहिल्या पाळीला गिरणीवर सोडायचं आणि पाळी सुटली की परत आणायचं. बस रात्री आमच्याच दारासमोर उभी असायची. गावातली लहान पोरं मला "बसवाल्याची वैजू" म्हणायची आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. आत आई भाकरी थापत होती. दिव्याखाली आप्पांच्या मांडीवर निळ्या कव्हराचं पुस्तक उघडं होतं. ते निळे कागद गिरणीतून येत; सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, ज्यात गुंडाळतात ते. माझी मैत्रीण रेश्मा मुलाणी हिची आई गिरणीत कामाला होती. तिनं आम्हा दोघींना पुष्कळ कागद आणून दिले होते आणि आमची सगळी पुस्तकं त्यामुळे एकसारखी दिसत.

"पुढचा," आप्पा म्हणाले. बोट जिभेला लावून त्यांनी पान उलटलं. "रिलक्टंट."

मला तहान लागली होती. "नाखूश," असं म्हणत मी उठले, माठातून पाणी घेतलं आणि पीत पीत त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिले.

"पुस्तकातलं वाक्य मीच सांगतो," आप्पा म्हणाले. "ही वॉज रिलक्टंट टू लीव्ह हिज व्हिलेज." त्यांचं बोट पानावर ओळीखालून सरकत होतं.

त्या बोटाखाली एक वर्तुळ होतं. वर्तुळाला टेकलेली एक रेघ होती आणि रेघेच्या टोकांना अक्षरं होती. शेजारच्या पानावर दोन त्रिकोण होते.

ते रेश्माचं भूमितीचं पुस्तक होतं.

आदल्या दिवशी वर्गात बाई म्हणाल्या होत्या, "तुझं ते शब्दांचं पुस्तक आण, मला बघायचंय." म्हणून मी ते शाळेत नेलं होतं. येताना बाकावर अदलाबदल झाली असणार. हे सगळं मला एका क्षणात कळलं, पण त्याच्या पुढचं कळेना. आप्पा थट्टा करत असतील असं वाटलं. ते अधूनमधून करायचे. आता मागे वळून हसतील आणि म्हणतील, काय गं, पुस्तक कुणाचं उचलून आणलंस. मी तांब्या हातात धरून त्यांच्या हसण्याची वाट बघत उभी राहिले.

"घरचं वाक्य राहिलं," ते म्हणाले.

"आप्पा," मी म्हणाले, "स्पेलिंग मला येत नाही. बघून सांगा की."

त्यांनी पुस्तक जरा दिव्याकडे केलं, मान थोडी वाकडी केली आणि त्रिकोणाकडे बघत एकेक अक्षर सांगितलं. आर, ई, एल, यू, सी... एकही चुकलं नाही.

माझ्या हातातला तांब्या निसटला. पाणी ओट्यावर सांडलं, आप्पांनी पाय वर घेतले. "लक्ष कुठं आहे तुझं?" ते रागानं नाही, सहज म्हणाले. "जा, फडकं आण. आज एवढं पुरे."

मी फडकं आणायला आत गेले. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं. मी फडकं घेऊन ओट्यावर परत गेले.  जेवताना मात्र मी आप्पांच्या हातांकडे बघत होते. आईनं ताट ठेवलं की ती हळूच म्हणायची, "कालवण डाव्या अंगाला, गरम आहे." रोज म्हणायची. मी ते रोज ऐकत होते. पेपर वाचायचं आप्पांनी दिवाळीत सोडलं होतं आणि मला वाचून दाखवायला लावत होते. मला वाटलं होतं, माझं वाचन सुधारावं म्हणून.

त्यांना दिसत नव्हतं. आणि सकाळी ते गाडी काढणार होते.

शनिवारी आमची तालुक्याची शाळा सकाळची असायची, म्हणून त्या दिवशी मी आप्पांच्याच बसनं जात असे. थंडीचे दिवस होते. नुकतं उजाडत होतं. आप्पांनी नेहमीसारखी काच पुसली, चाकांवर पाय मारून बघितला, गाडीला हात लावून कपाळाला लावला आणि चढून बसले. क्लीनर तातोबा पुढच्या दारात उभा राहिला. तो आप्पांच्या वयाचा होता आणि अखंड बोलत असायचा. मी त्याला तातोबा मामा म्हणायचे. त्याच्या बडबडीला गावातलं कुणीच फारसं मनावर घेत नसे.

मी पुढच्या बाकावर बसले. गाडी निघाली.

"मळ्याच्या वळणाला गाडीवान दिसतोय आप्पा, सकाळी सकाळीच निघालाय गडी," तातोबा म्हणाला. गाडी हळू झाली, वळण घेऊन उजवीकडे सरकली आणि बैलगाडी डाव्या अंगाला मागे गेली.

"मराठी शाळेजवळ खडीचा ढीग टाकून ठेवलाय लेकांनी, अर्धा रस्ता खाल्लाय," पलीकडच्या बाकावरची एक बाई म्हणाली. आप्पांनी गिअर बदलला.

"कोण ते, सायकलवर? देशमुखांचा धाकटा जणू," दुसरी म्हणाली.

"व्हय, तोच. मधनंच चाललाय बघ कसा."

हॉर्न वाजला.

मी किती शनिवार त्या बाकावर बसून हे बोलणं ऐकलं होतं. बायका गप्पा मारतात आणि तातोबा मामा त्यात तोंड घालतो, एवढंच मला माहीत होतं. आज पहिल्यांदा लक्षात आलं की रस्ता सरळ आणि मोकळा आला की सगळे गप्प होत होते. आणि पुढच्या दोन बाकांवर रोज त्याच बायका बसत होत्या. त्यांच्यातली एक रेश्माची आई होती, नूरजहाँ चाची. तिची नजर काचेबाहेरून हलत नव्हती.

लोणारवस्तीला गाडी थांबली. बायका चढत होत्या तेव्हा मी चाचीच्या शेजारी जाऊन बसले.

"चाची, आप्पांना दिसत नाही," मी हळूच म्हणाले.

मला वाटलं होतं ती दचकेल. माझ्याकडे बघून म्हणेल, काय बोलतेस तू. त्याऐवजी तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तुला आज कळलं?"



"तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे, बाळ. दिवाळीच्या आधीपासनं. त्यांनीच सांगितलं आम्हाला. एक दिवस परत येताना गाडी माळावर थांबवली आणि म्हणाले, बायांनो, माझी नजर गेली चाललीया, तुम्ही म्हणाल तर उद्यापासनं गाडी सोडतो."

"मग?"

"मग काय. या खिंडीच्या रस्त्याला दुसरा ड्रायव्हर टिकत न्हाई. मागं दोन आले आणि पळून गेले. गिरणीवाल्यांना तालुक्यातच पाहिजे तेवढ्या बायका मिळत्यात, आमच्यासाठी गाडी कशाला पाठवतील ते? ही गाडी बंद झाली की आमचं काम बंद." तिनं बाहेर बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "आम्ही म्हटलं, आमचे डोळे घ्या. उन्हाळ्यापत्तर. उन्हाळ्यात ते दवाखान्यात जाणार आहेत."

"उन्हाळ्यात का? आत्ता का नाही?"

"तुझी दहावी झाली की जातो म्हणाले."

गाडी निघाली होती. चाची बोलता बोलता मध्येच थांबून म्हणाली, "शेरडं हायेत, शेरडं, उजव्या अंगाला," आणि पुन्हा माझ्याकडे वळली. तिचा आवाज जराही बदलला नाही.  मी मागे वळून बघितलं. बाकाबाकांवर बायका बसल्या होत्या, डबे मांडीवर, पदर कानाभोवती गुंडाळलेले. कुणी डुलक्या घेत होत्या. एकीच्या कडेवर तान्हं मूल होतं, ती त्याला गिरणीच्या पाळणाघरात ठेवायची. सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्या डुलक्या घेत होत्या.

खिंडीच्या पायथ्याला शेवटचा थांबा होता. तिथून रस्ता अरुंद होतो, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ओढ्याची दरड. गाडी थांबली. म्हातारी इठाबाई तिथं चढायची, तिचं बोचकं आणि तिचे गुडघे यांना वेळ लागायचा, म्हणून तातोबा मागच्या दाराला गेला.

मी उठले आणि पुढच्या दारातून खाली उतरले.

"वैजू," चाची म्हणाली, "कुठं चाललीस?"

"मी चालत येते."

"खुळी झालीस का? वर ये."

"मी नाही बसणार या गाडीत."

आप्पांनी ते ऐकलं. "वैजू उतरली का? काय झालं तिला?" ते म्हणाले. "चालत येती म्हणती," कुणीतरी म्हणालं. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. मी दप्तर छातीशी धरून चालायला लागले, बसच्या कडेनं पुढे आणि मग रस्त्यावर. चार पावलं गेले असेन. मग वळून उभी राहिले.

का वळले ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित मला अजून खरं वाटत नव्हतं. बाकी सगळं जग म्हणेना का, माझ्या बापाला मी दिसत नाही हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, किंवा बघायचं नव्हतं. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. ऊन डोंगराआडून नुकतं वर आलं होतं आणि माझ्या पाठीवर नव्हे, काचेवर नव्हे, बाजूच्या झाडीवर पडलं होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं. स्टिअरिंगवरचे आप्पांचे हात दिसत होते. त्यांची टोपी दिसत होती.

आप्पांनी फडक्यानं आतून काच पुसली. मग पुढे झुकले आणि समोर बघितलं. सरळ माझ्याकडे. माझ्या डोळ्यांत बघत होते ते, जेवढ्या अंतरावरून ओट्यावर शब्द विचारायचे त्यापेक्षा फार लांब नव्हते. मला वाटलं, आता हात करतील. आता म्हणतील, बाजूला हो.

मागे तातोबानं पत्र्यावर थाप मारली, म्हणजे इठाबाई चढली. आप्पांनी माझ्याकडे बघत बघत गिअर टाकला आणि गाडी सोडली.

मला हलायचं होतं. पाय उचललेच नाहीत. ओरडायचं होतं, तेही झालं नाही. बसचं पुढचं तोंड मोठं होत आलं आणि त्याच्या वर, काचेत, आप्पांचा चेहरा तसाच शांत होता. रोज कामावर निघालेल्या माणसाचा चेहरा.

"थांबवा, पोर आहे समोर," नूरजहाँ चाचीचा आवाज आला. तो मला गाडीतून नव्हे, डोंगरातून आल्यासारखा वाटला.

ब्रेक लागला. बायका एकमेकींवर आदळल्या, डबे खाली पडल्याचे आवाज झाले, ते तान्हं मूल रडायला लागलं. बंपर माझ्या दप्तराला टेकला होता. जोरात नाही. कुणी हातानं हळूच मागे सारावं तसा.

"कोण आहे?" आप्पांनी विचारलं.

पुढच्या बाकांवरच्या बायका उठून काचेतून माझ्याकडे बघत होत्या.

"तातोबा, समोर कोण आहे?"

तातोबा मागून धावत आला होता. मला बघून तो दारातच थांबला.  आयुष्यात पहिल्यांदा तातोबा मामाकडे बोलायला काही नव्हतं.

"वैजू आहे," चाची म्हणाली.

आप्पांनी इंजिन बंद केलं. खिंडीत एकदम इतकी शांतता झाली की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. ते दार उघडून खाली उतरले. एक हात पत्र्यावर ठेवून, पत्रा चाचपत ते पुढे आले. पत्रा संपला तिथं त्यांनी दुसरा हात पुढे केला. तो हात हवेत थोडा फिरला आणि मग माझ्या डोक्याला लागला. तिथून खाली माझ्या कपाळावर, नाकावर, खांद्यावर. दप्तर आणि बंपर यांच्यामध्ये त्यांनी बोटं घालून बघितली. बोटं जाईनात.

 ते तिथंच रस्त्यात, चाकाला टेकून खाली बसले.

मागच्या बाकावरच्या बायकांना काय झालं ते कळलं नव्हतं. एक जण म्हणाली, "आप्पा, चला की. उशीर झाला तर खाडा मांडत्यात." कुणीतरी तिला गप्प केलं.

आप्पांनी किल्ली तातोबाकडे धरली. "गाडी कडेला घे. तुला तेवढी येती. आणि गिरणीत सांग, ड्रायव्हर आंधळा आहे. असंच सांग." मग ते आवाज चढवून बायकांना म्हणाले, "बायांनो, चालत जा. मी न्हाई नेत."

बायका उतरल्या. कुणी रागावली नाही, कुणी समजूतही घातली नाही. डबे गोळा करून, पोराला कडेवर घेऊन त्या रांगेनं खिंड चढायला लागल्या. इठाबाई मात्र तिथंच दगडावर बसून राहिली, तिला चढ जमणारा नव्हता. नूरजहाँ चाची सर्वांत शेवटी उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या दप्तराच्या पट्ट्याला पीळ पडला होता तो तिनं सरळ केला. मग बायकांच्या मागोमाग गेली.

मी आणि आप्पा चालत घरी आलो. लोणारवस्तीपर्यंत ते माझ्या बरोबरीनं चालत होते. तिथं लोक दिसायला लागले तसं त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

आई दारातच होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. तिनं आप्पांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि मला घेऊन मागच्या परसात आली. मला वाटलं, आता मार बसणार. तिनं मला जवळ ओढलं आणि माझं तोंड आपल्या पदरात इतकं घट्ट दाबलं की मला श्वास घेता येईना. 

"तुला पण माहीत होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"मग ते शब्द? ते पुस्तक कसं विचारायचे?"

आईनं मिठी सैल केली. मग म्हणाली, "दुपारी तू शाळेत असायचीस. पाळीला सोडून ते परत यायचे. तवा मी वाचून दाखवायची."

आईची शाळा चौथीपर्यंत झाली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, हे मला माझं नाव माहीत असावं तसं माहीत होतं. साबणाच्या वडीवरचं, काडेपेटीवरचं एखादं अक्षर दाखवून ती मला विचारायची, "हे कुठलं गं?" आणि मी हसून सांगायचे.

"मला कुठं वाचता येतंय," ती म्हणाली. "नुसती अक्षरं. मी एकेक अक्षर म्हणायची, ते जोडून शब्द करायचे. अर्थ मराठीत असतो, तो मला येतो. मग खालचं वाक्य, तसंच अक्षर अक्षर. एका वाक्याला कधी कधी निम्मी दुपार जायची. तू पुस्तक शाळेत न्यायच्या आधीच पुढची पानं झाली होती." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "ते म्हणायचे, पोरीला कळलं तर तिचं अभ्यासात मन लागायचं न्हाई. आणि ह्या वर्षी तिनं सुटलं पाहिजे इथनं."

मी इंग्रजीत चांगल्या मार्कांनी पास झाले. हे सांगायला हवं, कारण पुष्कळ जण पुढे तेच विचारतात. पण त्या वर्षी पडळवाडीच्या बाजूनं गिरणीची बस पुन्हा आली नाही. काही बायका रोज खिंड चढून गेल्या, मग हळूहळू त्या कमी झाल्या. नूरजहाँ चाचीनं काम सोडलं आणि रेश्माची शाळा दहावीनंतर थांबली. पुढे ती तिच्या मामाकडे गेली, तिथं तिचं लग्न झालं. चाची मला रस्त्यात भेटली की थांबून विचारपूस करायची. एकदाही तिनं तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. लहानपणी मला वाटायचं की त्या सकाळी मी सगळ्यांचा जीव वाचवला. मग बरीच वर्षं वाटायचं की मी सगळ्यांची भाकरी काढून घेतली. आता मी शाळेत जाणाऱ्या पोरीची आई आहे, आणि दोन्हीही खरं आहे एवढं मान्य करायला शिकले आहे.

त्या शनिवारनंतरच्या आठवड्यात मी आप्पांना मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आई घरी गुरांपाशी राहिली. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ तपासलं. साखरेनं डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. कडेचं अजून शाबूत होतं आणि ते वाचवता येईल, असं ते म्हणाले. आणि पुढे ते वाचलंही. आप्पांना शेवटपर्यंत झाडं, भिंती, माणसांच्या सावल्या दिसत. फक्त ज्याच्याकडे बघत ते तेवढं दिसत नसे.

"पण मला मधे काळं दिसत न्हाई, डॉक्टर," आप्पा म्हणाले. "डाग पडलाय असं काहीच वाटत न्हाई."

"वाटणारच नाही," डॉक्टर म्हणाले. "जिथं दिसत नाही तिथं मेंदू आजूबाजूचंच चित्र पसरून घेतो. भिंतीकडे बघाल तर भिंत, आभाळाकडे बघाल तर आभाळ. माणसाला वाटतं, सगळं दिसतंय."

परत येताना आम्ही एसटीत शेजारी शेजारी बसलो होतो. आप्पा खिडकीशी होते. शनिवारपासून त्यांनी त्या सकाळबद्दल चकार शब्द काढला नव्हता आणि मीही काढला नव्हता. तासगाव मागे पडल्यावर ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "वैजू, गाडी सोडायच्या आधी मी समोर बघतोच. एवढी वर्षं झाली, न बघता कधी सोडली न्हाई."

"हो, आप्पा."

"त्या दिवशी पण बघितलं मी. काच पुसून बघितलं."

मी त्यांचा हात धरला.

"रस्ता मोकळा होता," ते म्हणाले.